लिंबाच्या खोडातला खिळा

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. जळगावात मेहरूणला माझं मेडिकल आहे आणि डोकेदुखीवर मी गिऱ्हाइकाला फुकट लेक्चर देतो. पट्टा आवळल्यासारखं दुखतं ते टेन्शनचं, वाकल्यावर जड होतं ते सायनसचं, आणि अर्धंच डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, ती अर्धशिशी... म्हणजे मायग्रेन. रोज गोळ्या खाल्ल्या तर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, हेही बजावतो. शहाणपणाला माझ्याकडे तोटा नाही.

माझी मोठी बहीण, अक्का, यावलजवळ दिलेली. तिला लग्नाआधीपासून अर्धशिशी. उजवा डोळा, मग कानशील, मग उलट्या. माझ्या सगळ्या गोळ्या झाल्या. शेवटी सासरच्यांनी गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांकडे नेलं. त्यांनी सूर्य उगवायच्या आत तिच्या कानशिलाला खिळा टेकवला, काहीतरी पुटपुटले आणि तो तिच्या मळ्यातल्या कडुलिंबाच्या खोडात ठोकला. खिळा कधी उपटायचा नाही, एवढंच पथ्य. त्यानंतर सहा वर्षं अक्काचं डोकं दुखलं नाही.

वयानुसार काहींची अर्धशिशी आपोआप जाते, असं मी तिला समजवायचो. ती ऐकून घ्यायची आणि लिंबाला हात जोडायची. खरं सांगू? मला त्या खिळ्याचा राग यायचा. इतकी वर्षं गोळ्या मी दिल्या आणि नाव त्याचं!

गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. दाजी केळीचा ट्रक भरायला गेलेले, अक्का घरी स्वयंपाकात, मळ्यात मी एकटाच. मोटारीच्या खोलीतून पक्कड आणली आणि खिळा उपटला. अकराला दहा कमी होती. महिनाभराने तिला तो दाखवायचा आणि म्हणायचं, बघ, काही झालं का... एवढाच बेत.

मळ्यातून घर वीस मिनिटांवर. पोहोचलो तर भाजी करपलेली आणि अक्का भिंतीला टेकून बसलेली, उजवा डोळा मिटून. कधीपासून, मी विचारलं.

"आत्ताच रे भाऊ... कुकरची दुसरी शिट्टी झाली अन् एकदम आलं. अकरा बी नव्हते वाजले."

खिळा माझ्या खिशातच होता. दुपारी पळत जाऊन तोच खिळा त्याच भोकात परत ठोकला. उपयोग शून्य. ते बाबा दोन वर्षांपूर्वीच वारलेले, विद्या कुणाला दिलेली नाही. जळगावला एमआरआय झाला, धुळ्याचे डॉक्टर झाले, रिपोर्ट सगळे साफ. योगायोग असेल... मीही स्वतःला तेच सांगतो, पण पटत नाही. आणि तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही — हिंमत होत नाही.

आता ती रोज गोळ्या खाते. त्यानेच दुखणं वाढतंय हे मला कळतं, तरी मीच यावलच्या एसटीने पाठवतो, कारण त्याशिवाय ती उठूच शकत नाही. परवा फोनवर म्हणाली, "खिळा बी किती वर्षं पुरणार रे भाऊ. आता मले तुह्याच गोळ्यांचा भरोसा हाये."

मी बरं म्हणालो, आणि तिचं पार्सल बांधायला घेतलं.