दुसऱ्या पंगतीची होडी

ती होडी आजही आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतल्या कित्येकांची नावंगावं आता विसरायला लागलोय. पण निवृत्तीनंतर कुणी विचारलं, "साहेब, लक्षात राहिलेली केस कोणती?" की मी रेवदंड्याच्या खाडीतली ती निळी होडीच सांगतो. लोकांना वाटतं, म्हातारा चळला. वाटू दे.

त्या वर्षी आमच्या हद्दीत एका सिनेमाचं शूटिंग आलं होतं. प्रेमकथा होती आणि ती एकदम दोन भाषांत बनत होती, हिंदीत आणि फारसीत. नायक आपल्याकडचा, नायिका इराणची. प्रत्येक प्रसंग आधी हिंदीत घ्यायचा, मग नायिकेनं ओढणी खांद्यावरून डोक्यावर घ्यायची आणि तोच प्रसंग फारसीत. नायक बिचारा फारसी वाक्यं परीक्षेला बसल्यासारखी घोकत असायचा. कोळीवाड्यातल्या लोकांनी दोन दिवसांत ह्या प्रकाराला नाव दिलं. हिंदीची पहिली पंगत, फारसीची दुसरी पंगत. आमचे हवालदार बंदोबस्तावरून आले की ठाणे अंमलदार विचारायचा, "कितवी पंगत उठली?"

सिनेमाच्या शेवटी नायक आपली होडी पेटवून देतो, आता तुला सोडून समुद्रावर जाणार नाही म्हणून. दोन पंगती म्हणजे होड्याही दोन लागणार. एक कुठूनशी कुजकी आणली, दुसरी इथल्याच एका म्हाताऱ्या कोळ्याकडून विकत घेतली. गाव त्यांना तांडेल म्हणायचं. गुडघ्यांमुळे त्यांचं समुद्रावर जाणं सुटलं होतं. दोन्ही होड्यांना सारखा निळा रंग दिला. पहिल्या संध्याकाळी हिंदीची होडी पेटली, सगळा गाव किनाऱ्यावर जमला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फारसीची होडी जागेवर नव्हती.

दिग्दर्शक तणतणत ठाण्यात आला. शूटिंगची परवानगी एकाच दिवसाची उरली होती, त्यानंतर नायिका मायदेशी जाणार. वरूनही फोन आला, "बघा जरा लवकर." मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि गुन्हा दाखल करण्याआधी चौकशी करतो म्हणालो. दिग्दर्शकाचा संशय सरळ तांडेलांवर होता. होडी विकली आणि रातोरात परत नेली, म्हणजे चोरी आणि वर फसवणूक. ते खरं ठरलं असतं तर त्या वयात त्यांना आत बसवावं लागलं असतं.

तांडेलांना बोलावलं. डोक्याला लाल टोपी, पाठ ताठ. खुर्ची दिली तरी बसेनात.

"तांडेल, होडी कुठाय?"

"मना ठाव नाय, साहेब. मी होडी इकली, शब्द दिला. आज शोधून द्या, मी सोता हातानं त्यांच्या ताब्यात देतो."

उलटसुलट विचारलं, दरडावून पाहिलं. माझा आवाज तेव्हा मोठा होता, बाहेरच्या चहावाल्यापर्यंत जायचा. तांडेल ढिम्म. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हे गृहस्थ विचारलं तेवढंच बोलत होते. मला खात्री पटली, ह्यांनी नेलेली नाही.

मग आमचा एक खबरी रिक्षावाला आला. अलिबागच्या फेऱ्या मारता मारता सगळी खबर ठेवायचा. म्हणाला, "साहेब, होडी बाहेर गेलीच न्हाय. रातभर खाडीच्या तोंडावर जाळी टाकून चार पोरं बसली होती, त्यांनी काय बघितला न्हाय. म्हणजे आतच हाय."

खाडीत आत, तिवरांच्या आडोशाला, कामातून गेलेल्या होड्या चिखलात पडलेल्या असतात. हवालदाराला घेऊन गेलो. गुडघाभर चिखल, बूट हातात. फुटक्या फळ्या, शेवाळ, खेकडे. एका होडीवर नारळाचे झाप अंथरलेले होते, तसे ते आणखी दोन-तीनवरही होते. परत फिरणार तोच नजर गेली. झापांखालून पुढे आलेल्या नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, झेंडूचा ताजा हार होता. खाली कुंकू आणि फोडलेला नारळ.

अहो, मेलेल्या होडीला हार कोण घालतं? झाप उचलला, खाली निळा रंग. ज्यानं कुणी होडी लपवली होती, त्यानं लपवण्याचं काम चोख केलं होतं. पण नव्या जागी आलेल्या होडीची पूजा केल्याशिवाय त्याला राहवलं नव्हतं. कोळ्याचा हात तिथं थांबतच नाही.

ठाण्यात परत आलो. तांडेल तसेच उभे होते. मी सहज विचारावं तसं विचारलं, "तांडेल, तुमच्यात होडीची पूजा कोण करतं? गडी की बाई?"

"घरची बाई करते," ते म्हणाले, आणि तिथंच त्यांचा चेहरा उतरला. टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "साहेब, माजं नाव लिवा. मीच नेली."

"आता कशाला खोटं बोलता?"

"लिवा म्हणतो ना!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

तेवढ्यात दारातून दुसरा आवाज आला. "गुडघं धरून उठतो नि धरून बसतो, ह्यो काय होडी नेतो! मी नेली."

आजी होत्या. तांडेलांची बायको. नवऱ्याला ठाण्यात नेल्याचं कळल्यावर तशाच निघून आल्या होत्या. त्यांच्यामागे होडी सापडल्याची खबर लागून आलेला दिग्दर्शक, इराणी नायिका आणि तिचा दुभाषी, म्हणजे सगळी वरातच.

"आजी, एकटीनं होडी नेली?"

"मी कुठं नेली? मी नांगर उचलला. भरतीनं नेली. मी नुसती बसली होती."

हवालदार हसला, मी डोळे वटारले. खरं तर मलाच हसू आवरत नव्हतं.

"पण का, आजी? नवऱ्यानं विकली होती ना?"

"ह्यानं मना सांगितला, होडी सिनेमात काम करील. जाळनार हाय, असा न्हाय सांगितला. काल ती दुसरी पेटली तवा मना कळला." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मी नवरी होऊन ह्या होडीतनं आली, साहेब. कोर्लईवरनं, हळदीच्या अंगानं. वल्हं ह्याच्या हातात होता, पन लक्ष कुठं होता? माज्याकडं बघत बसला नि दोनदा होडी वाळूला लावली."

तांडेल भिंतीकडे बघत होते. "जाळतात असं सांगितलं असतं तर तू रडली असती," ते पुटपुटले.

दुभाषी हे सगळं हळूहळू नायिकेच्या कानात सांगत होता. तिनं काहीतरी विचारलं. दुभाषी आजींना म्हणाला, "बाई विचारतात, त्या दिवशी होडीत हे तुम्हाला काय बोलले?"

आजी डोळे पुसता पुसता हसल्या. "ह्यो काय बोलतो! येक लाट आली तवा म्हनला, भिजशील, आत सरक. झाला."

नायिकेनं दुभाष्याकडून ते ऐकलं आणि ती दिग्दर्शकाशी भांडायलाच लागली. अर्धं हिंदी, अर्धं फारसी. हात नाचवत होती, खाडीच्या दिशेनं बोट दाखवत होती. शेवटी दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. फारसीत होडी जळणार नाही, असं ठरलं. तिकडचा शेवट निराळा. हवालदार माझ्या कानात म्हणाला, "साहेब, दुसऱ्या पंगतीला बेत बदलला!"

दिग्दर्शकानं अर्ज मागे घेतला, मी तसा जबाब नोंदवला. आजींना दम दिला, "पुन्हा असं केलंत तर खरंच आत टाकीन." त्या म्हणाल्या, "चहा तरी देशील ना, पोरा?"

चोरीच्या तपासात आम्ही विचारतो, वस्तू कुणाची? त्याचं उत्तर पावतीवर मिळतं. त्या दिवसापासून मी आणखी एक प्रश्न विचारायला लागलो, ही वस्तू गेली तर घरात कुणाला जेवण जाणार नाही? पुढच्या नोकरीत ह्या प्रश्नानं मला फार मदत केली.

हिंदी सिनेमा मी सहकुटुंब पाहिला. होडी पेटली तेव्हा बायको मुसमुसत होती, मी मजेत शेंगा खात होतो. फारसी मात्र कधी पाहायला मिळाला नाही. अलीकडे मुलीनं कुठूनतरी शोधून तो फोनवर लावून दिला. एक अक्षर कळलं नाही, पण शेवटपर्यंत बसलो. शेवटी निळी होडी किनाऱ्याकडे येते, नाळेला झेंडूचा हार. नायिका डोक्यावर ओढणी घेऊन बसलेली आणि वल्ह्यावर चक्क आमचे तांडेल! लाट येते. तांडेल मान वळवतात आणि तिला म्हणतात, "भिजशील, आत सरक."

मराठीत! ते वाक्य सिनेमावाल्यांनी तसंच ठेवलं होतं.

तांडेल आता नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी फोन घेऊन कोळीवाड्यात गेलो. आजींना दिसतं कमी, म्हणून फोन त्यांच्या कानाशी धरला. लाटेचा आवाज आला, मग तांडेलांचा. आजी बसल्या जागी थोड्या आत सरकल्या.

मग म्हणाल्या, "परत लाव."