वाळूवरचा केवडा

भिसेगावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठावर आबाजींचा रोपांचा मळा होता. जयवंता लग्न होऊन आली ती त्या मळ्यावरच. तिचा नवरा हिरामण आबाजींकडे खणकामाला होता. त्याच्या घराण्यात सगळे विहिरी खणणारे. मुरूम संपून पाषाण कुठे लागेल, हे तो पहारेच्या आवाजावरून सांगायचा. जयवंता रोपं बघायची. करंजाच्या बिया रुजवायच्या, निगडीच्या काड्या खोचायच्या, ओढ्याकाठच्या केवड्याचे फुटवे तोडून आणून सावलीत लावायचे. केवड्याच्या पानांना दोन्ही कडांनी काटे. तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले असायचे आणि हिरामण थट्टा करायचा, "मांजर पाळलंस का काय गं?"

मूल नव्हतं. एक झालं होतं, ते पाचवी पुजायच्या आतच गेलं. त्याबद्दल दोघं बोलत नसत.

लढाईचे दिवस होते. मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली तेव्हा पुष्कळ शेठलोक बायकामुलांना घेऊन शहराबाहेर पडले. त्यातल्या एकानं अलिबागच्या पुढे, समुद्राला अगदी लागून बंगला बांधला. घरात बसून समुद्र दिसावा म्हणून पुढची सगळी झाडी तोडून टाकली. मग उन्हाळ्यात वाळू उडायला लागली. ओटीवर ढीग साचले, जेवणाच्या ताटात कचकच लागू लागली. वाळू धरून ठेवायची तर किनाऱ्याला मानवणारी झाडंच पुन्हा लावा, असं त्याला कुणीतरी सांगितलं, आणि त्याचा मुकादम चौकशी करत आबाजींच्या मळ्यावर येऊन पोचला.

"करंज, भेंड, उंडी, निगडी, केवडा," आबाजी म्हणाले. "खाऱ्या वाऱ्यात हीच टिकतील. पावसाळाभर वाढवून देतो. लावायला माणसंबी माझीच येतील."

त्या वर्षी, म्हणजे चव्वेचाळीस साली, दसरा झाल्यावर बैलगाड्या निघाल्या. रोपं करंड्यांत, वर ओली गोणपाटं. हिरामण, जयवंता आणि मळ्यावरचे आणखी काही गडी. खालापूरला बैल सोडले, पेणला सोडले, आणि एका दुपारी जयवंतानं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिला तो आवडला नाही. एवढं पाणी, आणि एका रोपाला घालता येत नाही.

पाणी आणायचं ते अंबूबाईच्या वाडीतून. अंबूबाई ही बंगल्याच्या शेजारची म्हातारी विधवा. तिच्या नारळीच्या वाडीत दगडानं बांधलेली जुनी बाव होती, तिचं पाणी गोडं. जयवंता हंडे भरभरून वाळूतून वाहायची. वाळूत पाय रुतायचा, अर्धं पाणी वाटेतच हिंदकळून जायचं. खड्ड्यात पालापाचोळा, शेण, मग रोप, मग पाणी. वाळू ते पाणी अशी पिऊन टाकायची की वर ओलसुद्धा दिसायची नाही. थोड्याच दिवसांत अंबूबाईची बाव तळाला गेली.

मुकादम म्हणाला, "हिरामण, तू तर विहिरी खणणारा. इथंच एक खण की."

अंबूबाई काठी टेकत बघायला आली. "भाऊ, ही वाळू हाय, तुमची माती नाय," ती म्हणाली. "उभी खणू नको. पसरट खण. नायतर कडंनी नारळाचे खांब लाव."

हिरामणनं तिचं ऐकलं. तोंड रुंद ठेवून, कडा उतरत्या ठेवत त्यानं खणायला घेतलं. पण रुंद खड्डा रोपांच्या ओळींत घुसायला लागला आणि मुकादम ओरडला, "शेठच्या बागेत तळं करतोस का काय? सरळ जा खाली." हिरामणनं क्षणभर विचार केला. वरची वाळू ओलसर होती, हाताला घट्ट लागत होती. मुरमासारखीच उभी राहील असं त्याला वाटलं असावं. तो सरळ खाली गेला. जयवंता वरून दोरानं पाट्या ओढत होती.

दुपार कलता कलता खालून त्याचा आवाज आला. "लागलं गं!" मग थोडं थांबून, चव घेतल्यासारखं, "गोडं हाय! गोडं पानी हाय, जयवंते!"

वरचे गडी हसले. जयवंतानं दोर ओढला तो जड लागला. तिला वाटलं, पाटी चिखलानं गच्च भरली असेल. पण दोर तिच्याच हातातून खाली ओढला गेला. खाली पाण्याजवळची वाळू हिरामणच्या पायांखालून सरकली आणि वरच्या कडा, कुणी घोंगडी पांघरावी तशा, आवाज न करता आत गेल्या. तिनं दोर सोडला नाही. तळहातांची सालं निघाली. मग ओढ थांबली आणि दोर ढिला पडला.

गडी उड्या मारून आत उतरले. एक पाटी बाहेर काढावी तर दोन पाट्या आत यायच्या. एकजण मांडीपर्यंत रुतला, त्याला ओढून काढावं लागलं. सूर्य पाण्याला टेकला तसे सगळे वर येऊन बसले. कुणी कुणाकडे बघेना.

मुकादम म्हणाला, "आता काय जिता मिळणार हाय का तो? उगा अजून दोघं जातील. बुजवून टाका. वर फुलं वाहा, नारळ फोडा."

जयवंता खड्ड्याच्या काठाशी बसली होती. ती रडत नव्हती. "बुजवायचं आसंल तर मला आत घालून बुजवा," ती म्हणाली.

गड्यांनी फावडी उचलली नाहीत. तेवढ्यात अंबूबाई तिच्या आळीतले लोक घेऊन आली. त्यांनी नारळाचे चिरलेले खांब आणले, झावळ्यांचे तट्टे आणले, आणि बऱ्याच लांबून, रुंद खणत यायला सुरुवात केली. वाटेतली रोपं उपटून बाजूला टाकली. मुकादम तोंड दुसरीकडे करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी हिरामण सापडला. उभाच होता, दोन्ही हात वर केलेले. हात खाली करता येईनात. तसाच त्याला नेला.

किनाऱ्याच्या टोकाला, वाळूच्या उंचवट्यावर गावचं स्मशान होतं. तिथं त्याला मूठमाती दिली.

निरोप मिळाल्यावर आबाजी आले. म्हाताऱ्याला धड उभं राहता येत नव्हतं. "चल पोरी," ते म्हणाले. "चल घरी."

"रोपं मरतील, मामा."

"मरू दे गं ती रोपं!"

पण ती गेली नाही. पुढे कुणी विचारलं की लोकच उत्तर देत, बाई कर्तव्याला पक्की. तसं काही नव्हतं. भिसेगावात सासू होती, आणि सासूच्या दारात एकटीनं कसं जावं हे तिला सुचत नव्हतं. इथं निदान सकाळी उठून हंडा उचलायचा असतो, एवढं तरी ठरलेलं होतं. ती अंबूबाईच्या पडवीत राहिली. बावीचं पाणी झिरपून वर येई तेवढं भरायची. मुकादमानं तो खड्डा बुजवून घेतला होता. त्या जागेवरून ती कधी चालली नाही, वळसा घालून जायची.

उन्हाळा आला. पहिल्या ओळीतले करंज खाऱ्या वाऱ्यानं टोकांपासून करपत गेले. उंडी जगली, भेंड जगला. केवड्यानं मात्र जीव धरला. बुंध्यातून मुळं काढून वाळूत रोवली. आणि समुद्राच्या बाजूनं, कुणी न लावता, मर्यादवेल सरपटत आली, जांभळी फुलं घेऊन. तिनं धरलेली वाळू मग उडेना. अंबूबाई म्हणायची, "ही वेल जितवर येते तितवर समुद्राची हद्द." जयवंता ऐकून घ्यायची. संध्याकाळी ती त्या वेलीपाशी जाऊन बसायची, आणि पाणी जवळ आलं की उठायची.

वैशाखात शेठचं बिऱ्हाड आलं. शेठाणीनं गॅलरीतून केवड्याचं बन पाहिलं आणि ती घाबरली. केवड्यात नाग येतात, असं तिनं ऐकलं होतं. पोरं खेळणार कुठं? शेठनं मुकादमाला सांगितलं, केवडा काढा, इथं भिंत घालू. मुकादमानं जयवंताला सांगितलं.

तिनं काढला. स्वतःच्या हातानं, एकेक फुटवा, मुळांसकट. काटे पूर्वीसारखेच लागत होते. थट्टा करायला कुणी नव्हतं. ढीग झाला तेव्हा तिनं विचारलं, "ह्यो मी न्यू का?"

"ने की. जाळायचाच हाय," मुकादम म्हणाला.

स्मशानाचा उंचवटा दर पावसाळ्यात समुद्र खात होता. जयवंता आणि अंबूबाईनं तो सगळा केवडा तिथं नेऊन दोन ओळींत लावला, एक पाण्याकडून, एक मागे. पावसाळा तोंडावर होता, त्यामुळे हंडा उचलायचं कारण उरलं नाही. मग ती निघाली. अंबूबाई वेशीपर्यंत आली, म्हणाली, "बाय, परत येऊ नको. आलीस तर माझ्यासाठी ये, त्याच्यासाठी नको."

भिसेगावात सासूनं दारातच म्हटलं, "माझा ल्योक वाळूत पुरून आलीस?" जयवंता उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आणि मग मळ्यावरच्या खोपीत जाऊन राहिली. वर्ष सरल्यावर आबाजींनीच पुढाकार घेऊन तिचा पाट लावून दिला. खालापूरचा येसाजी, बिजवर, चार शब्दांत दिवस काढणारा माणूस. तिनं त्याला एकच अट घातली, "मी विहिरीवर जानार नाय." त्यानं का म्हणून विचारलं नाही. स्वतः पाणी शेंदून आणायला लागला. गावातले लोक हसले, बायका तर फारच हसल्या. त्यानं हसू दिलं.

अठ्ठेचाळीसच्या कार्तिकात समुद्राकडून मोठं वादळ आलं. खालापुरातसुद्धा आंबे उन्मळून पडले, कौलं उडाली. त्यानंतर काही आठवड्यांनी बाजारात सुकी मासळी घेऊन एक तरुण बाई बसली होती. जयवंता जवळा घ्यायला वाकली तेव्हा ती निरखून बघत म्हणाली, "तुमी जयवंता ना? मी चिंधी. अंबूबाईची भाची. तुमी आमच्या पडवीत ऱ्हायल्या होत्या."

जयवंता तिथंच खाली बसली. "अंबूबाई कशी हाय?"

"बरी हाय. घर गेलं, ती हाय. बंगल्याची भिंत पडली, वाळू पार आतपतुर गेली." चिंधी थांबली. "मसनवटीचं सांगू का नको?"

"सांग."

"पुढचा केवडा पानी घेऊन गेलं. उंचवटाबी गेला. जिथं तुमच्या मान्साला मूठमाती दिली ना, तिथं आता भरतीला कमरेएवढं पानी असतं. मागची ओळ राहिली. लोकांनी मसनवट तिच्याआड आणली."

जयवंतानं जवळा पदरात घेतला आणि घरी आली. येसाजी ओटीवर दोर वळत बसला होता. तो दोर बघून ती तिथंच थांबली आणि सांगायला लागली. समुद्र, बाव, मुकादम, गोडं पाणी, वर केलेले हात, सगळं. येसाजीनं दोर खाली ठेवला. तिचं सांगून झाल्यावर त्यानं आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"चल," मग तो म्हणाला. "एकदा जाऊन येऊ. मी येतो संगं."

"काय हाय आता तिथं?" ती म्हणाली. "पानी हाय नुसतं."

ती उठून चुलीपाशी गेली. येसाजीनं हंडा उचलला आणि तो विहिरीकडे निघाला.