दुसरी ट्यूब

चष्म्याच्या दुकानात ती लग्नाआधीपासून कामाला होती. आसपासचे दुकानदार तिला काचवाली म्हणत, आणि त्या नावाची तिला इतकी सवय झाली होती की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ओ द्यायला क्षणभर उशीर व्हायचा.

तिचं काम समोरच्या टेबलावरचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की नवा चष्मा त्याच्या नाकावर ठेवायचा, काडी कानामागे नीट बसते का ते बोटांनी चाचपायचं, काढून गरम हवेच्या यंत्रासमोर धरून किंचित वाकवायचा, पुन्हा घालून बघायचा. या कामात दोन माणसांची तोंडं वीतभर अंतरावर येतात. आणि ज्याला कित्येक महिने जवळचं धड दिसलेलं नसतं, तो नवा चष्मा लावल्यावर सगळ्यात आधी जे स्वच्छ बघतो, ते समोरच्या बाईचं तोंड असतं.

तिच्या तोंडावर शाळेत असल्यापासून मुरुम होते. बाकीच्या मुलींचे विशीत गेले, हिचे तिशी ओलांडली तरी मुक्काम ठोकून होते. गालांवर, हनुवटीवर, जबड्याच्या कडेने, लाल आणि दुखरे. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा लावला, तिच्याकडे निरखून पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, "बाळ, तुला लहानपणी देवी आल्या होत्या का?" ती हसली. म्हणाली, "नाही आजोबा, अजून येतायत." ते मनापासून हसले आणि दुकानाचे मालकही हसले. त्या दिवशी घरी जाताना मात्र तिने मुख्य रस्ता सोडून मागची गल्ली धरली.

तिचा नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. अबोल माणूस. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या चेहऱ्याबद्दल त्याने कधी चांगला-वाईट शब्द काढला नव्हता. बोलायची ती नणंद. नणंद ब्यूटी पार्लरमध्ये कामाला होती आणि तिचा जीव होता वहिनीवर. एके दिवशी ती एक छोटी डबी घेऊन आली. डबीवर नाव नाही, गाव नाही.

"वहिनी, हे लाव. आमच्याकडे सगळ्या जणी लावतात. आठवड्यात फरक नाही पडला तर मला विचार."

फरक पडला. आठवडाही लागला नाही. मुरुम बसले, कातडी तुकतुकीत झाली, रंग उजळला. दुकानातले आरसे पहिल्यांदाच तिच्या बाजूचे झाले. मालक म्हणाले, "बाई, तब्येत सुधारली हो तुमची." नवऱ्याने काही म्हटलं नाही, पण एका रविवारी तो तिला फोटो काढायला घेऊन गेला. हे त्याच्या मानाने पुष्कळच होतं.

त्याच सुमारास तिला दिवस गेले. वर्षानुवर्षं वाट पाहून, वाट पाहायचंच विसरल्यावर. घरात कुणी मोठ्याने आनंद केला नाही. नजर लागेल म्हणून नव्हे, तर दोघांनाही ते कसं करतात ते ठाऊक नव्हतं म्हणून. नवरा संध्याकाळी लवकर यायला लागला. ती डबीतलं क्रीम लावत राहिली. उन्हात गाल चुरचुरायचे, लाल व्हायचे, त्याच्याकडे तिने कानाडोळा केला.

तिसरा महिना पुरा व्हायच्या आत ते गेलं.

इस्पितळातून आल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे ती डबी कचऱ्यात टाकली. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण मन एकदा दोष शोधायला लागलं की हाताला लागेल ते उचलतं, आणि तिच्या हाताला ती डबी लागली होती. नणंदेला ती एका शब्दाने बोलली नाही.

क्रीम सुटलं आणि चेहरा पेटला. आधी होतं ते परवडलं म्हणायची वेळ आली. गाल शेंदरी लाल, त्यावर पुळ्यांचे घोसच्या घोस, आणि चूळ भरताना पाणी लागलं तरी आग. मग तिने औषधाच्या दुकानातून स्वतःच्याच मनाने मुरुमांची एक ट्यूब आणली. दुकानदाराने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. लवकर बरं व्हावं म्हणून ती लेप थापल्यासारखी लावायची, सकाळी आणि संध्याकाळी. कातडीचे पापुद्रे निघाले. गडद रंगाच्या उशीच्या अभ्र्यावर पांढुरके डाग पडले, कारण त्या औषधाने कपड्याचा रंग उडतो. नवऱ्याच्या कामाच्या निळ्या शर्टाच्या खांद्यावरही एक मोठा डाग पडला. तो कसा पडला हे दोघांनाही माहीत होतं. तो तसाच शर्ट घालून कामावर जात राहिला.

मग एका गिऱ्हाइकाने चष्मा बसवून घेताना मान मागे घेतली. जाताना हळूच मालकांना विचारलं, "त्यांना काही लागण होणारा आजार तर नाही ना?"

मालक वाईट माणूस नव्हते. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि पेल्याकडे बघतच बोलले.

"बाई, थोडे दिवस मागे बसा. काचा घासायला. इथे मी दुसऱ्या मुलीला बसवतो. तुम्हालाही त्रास नको."

"थोडे दिवस म्हणजे?"

"बरं वाटेपर्यंत."

मागची खोली अरुंद होती. काच घासायचं यंत्र, त्यावर सारखी गळणारी पाण्याची धार, एक दिवा, आणि आरसा मात्र नाही. चाकावर काच धरली की कर्रर्र आवाज होई आणि पांढरा गाळ बोटांवर उडे. तिथे तिला बरं वाटायला लागलं आणि याचीच तिला भीती वाटली. शेवटी त्या भीतीनेच ती सरकारी इस्पितळाच्या त्वचा विभागात जाऊन रांगेत उभी राहिली.

तिथल्या डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी तिचा चेहरा दिव्याखाली धरला आणि काय काय लावलं ते सगळं विचारून घेतलं.

"त्या डबीत स्टेरॉइड असणार," त्या म्हणाल्या. "लावलं की लगेच छान दिसतं. मग कातडी पातळ होते. मग सोडलं की दुप्पट फुटतं. म्हणून बायका सोडतच नाहीत. तुम्ही सोडलंत हे चांगलं केलंत, पण त्यावर ही दुसरी ट्यूब थापलीत. औषध वाईट नाही, पण भाजलेल्या जागेवर लावायचं नसतं, आणि एवढं तर कुठल्याच जागेवर नाही. आता काही आठवडे फक्त साधा सौम्य साबण आणि मॉइश्चरायझर. दुसरं काही नाही. लिंबू नाही, दही नाही, मैत्रिणीने सांगितलेलं नाही."

ती उठली, पुन्हा बसली. मग तिने विचारलं. ते विचारायलाच बहुधा ती आली होती.

"मी दिवस गेलेले असताना लावत होते ती डबी. ते... राहिलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "सुरुवातीला जे जातात, ते बहुतेक वेळा गर्भाच्या घडणीतच काही चुकलेलं असतं म्हणून. डबीमुळे झालं असं मी म्हणणार नाही."

'म्हणणार नाही' आणि 'झालं नाही' यांच्यामध्ये एक बारीक फट होती. ती फट तिला पुढे कायम दिसत राहिली.

सांगितलेले आठवडे संपले, आग शांत झाली, मुरुम मात्र होतेच. या वेळी डॉक्टरीणबाईंनी आधी दुसरंच विचारलं.

"मूल हवंय का तुम्हाला? म्हणजे आता, नजीकच्या काळात?"

तिने हातातला केसपेपर उलटा करून मांडीवर ठेवला.

"विचारते अशासाठी की दोन औषधं आहेत. एक हळू काम करतं, पण दिवस गेले तरी चालतं. दुसरं जास्त गुणकारी आहे, तुमच्यासारख्या मुरुमांना तेच लागतं. पण ते लावत असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. कातडीतून फार थोडं आत जातं, तरीही आपण धोका घेत नाही. घरी बोला आणि मग सांगा."

त्या संध्याकाळी नवरा मोरीपाशी उभा राहून हातांचं ग्रीस काढत होता. ती दारात उभी राहिली.

"डॉक्टरीणबाईंनी दोन ट्यूब सांगितल्यात."

"मग?"

"एक हळू गुण देते. मूल हवं असेल तर ती. दुसरी जोरकस आहे. पण ती लावायची तर मूल राहू द्यायचं नाही."

तो नखं घासत राहिला. नखं केव्हाच स्वच्छ झाली होती.

"तुला कुठली बरी वाटते?"

"मी तुम्हाला विचारतेय."

त्याने नळ बंद केला. पंच्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं धरून.

"दुसरी घे," तो म्हणाला. "निदान एक तरी गोष्ट बरी होऊ दे."

तो रागाने बोलला असता तर तिला भांडता आलं असतं. पण तो इतका थकून बोलला की तिने फक्त मान हलवली. दोघं जेवायला बसली. मुलाबद्दल एवढंच बोलणं झालं, आणि त्यात सगळं ठरून गेलं.

ट्यूब लावायची रीत तिने नीट लक्षात ठेवली होती. संध्याकाळची कामं आटपली की साध्या साबणाने तोंड धुवायचं, चोळायचं नाही. टिपून घ्यायचं आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबायचं, कारण ओल्या कातडीवर औषध जास्त झोंबतं. मग मटाराच्या दाण्याएवढं घ्यायचं, सबंध चेहऱ्याला तेवढंच. नुसतं पुळीवर टेकवायचं नाही, सगळीकडे पातळ पसरायचं, कारण उद्याची पुळी आज दिसत नसते. डोळ्यांच्या कडा, ओठांचे आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडायचे. वर मॉइश्चरायझर. सुरुवातीला एक दिवसाआड, अंगवळणी पडलं की रोज. सकाळी उन्हाचं क्रीम लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि आधी वाढल्यासारखं दिसेल, घाबरून सोडायचं नाही. दोन-तीन महिन्यांशिवाय निकाल मागायचा नाही. पण भाजल्यासारखं झालं, सूज आली, तर मात्र थांबून लगेच यायचं.

पहिल्या महिन्यात चेहरा खरोखरच वाढला. तोंडाभोवती कोंडा पडल्यासारखं झालं. आणखी जाड थर द्यावा असं रोज मनात यायचं आणि रोज ती हात आखडता घ्यायची. तो मटाराएवढा ठिपका बोटावर घेताना तिला दर वेळी मोरीपाशी उभा असलेला नवरा आठवायचा. असं औषध लावणं म्हणजे रोज संध्याकाळी एका कागदावर सही करण्यासारखं होतं. तरी ती चुकली नाही. चुकायला निमित्तच उरलं नव्हतं.

हळूहळू नवे मुरुम यायचे थांबले. जुन्यांचे काळपट डाग आणि काही खड्डे राहिले, पण हात फिरवला तर गाल गालासारखा लागायला लागला. मालकांनी ते पाहिलं, म्हणाले, "बाई, पुढे यायचं का?" पुढच्या टेबलावरची मुलगी आता कामाला चांगली सरावली होती. काचवाली म्हणाली, "राहू दे. मागे मला जमतंय." मालकांनी फार आग्रह केला नाही.

नणंदेलाही फरक दिसला. तिच्या स्वतःच्या कपाळावर आणि गालांवर पुळ्यांची गर्दी झाली होती. तिला दिवस गेले होते.

"वहिनी, काय लावतेस ग? मला दे थोडं."

"हे तुला चालायचं नाही."

"का? तुला चालतं ते मला का नाही?"

"पोटात बाळ असताना लावायचं नसतं. आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, त्या तुला चालेलसं देतील. मी येते सोबत."

 नणंद हळू आवाजात म्हणाली, "मी तुला मागायच्या आधी डबी आणून दिली होती."

"माहितीये."

"राहू दे. समजलं मला."

काय समजलं ते ती बोलली नाही, पण काचवालीला ऐकू आलं: वहिनीला द्यायचंच नाही. ती उठून ट्यूब घेऊन आली, वेष्टनावरची सूचना दाखवायला लागली, तोवर नणंदेने चपला घातल्या होत्या. नवरा आतल्या खोलीत होता, त्याने सगळं ऐकलं. बहीण गेल्यावर तो बाहेर आला आणि म्हणाला, "सांगशील कधीतरी शांतपणे." कोण कुणाचं ऐकेल, हे त्यालाही माहीत नसावं. नणंद पुढे दुसऱ्या कुणाबरोबर डॉक्टरांकडे गेली, तिला तेच सांगितलं गेलं, असं लांबून कानावर आलं. ती स्वतः ते सांगायला आली नाही. बाळ झाल्यावर दोघं बघायला गेली. नणंदेने बाळ भावाच्या हातात दिलं. वहिनीच्या हातात द्यायचं राहून गेलं, किंवा राहू दिलं.

त्यानंतर ती डॉक्टरीणबाईंना दाखवायला गेली तेव्हा त्या खूश झाल्या. दिव्याखाली चेहरा इकडून तिकडून वळवून पाहिला.

"छान झालंय. डाग जायला वेळ लागेल, खड्डे पूर्ण भरणार नाहीत, ते आधीच सांगते. आणि एक. हे औषध कायमचं दार लावत नाही. मुलाचा विचार बदलला तर बंद करायचं, एक पाळी येऊन जाऊ द्यायची, मला सांगायचं. मी दुसरं देईन. तुमचं वय अजून गेलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली.

बाहेर पडल्यावर ती औषधाच्या दुकानासमोर थांबली. घरची ट्यूब संपत आली होती, टोकापासून गुंडाळून गुंडाळून तिचं करंगळीएवढं वेटोळं झालं होतं. नवऱ्याला डॉक्टरीणबाईंचं हे बोलणं सांगावं का, याचा तिने विचार केला. सांगितलं तर तो आशेला लागेल, किंवा लागणार नाही. दोन्हींपैकी कुठलं सोसेल हे तिला ठरवता येईना. मागून कुणीतरी सरकायला सांगितलं.

"काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

तिने नाव सांगितलं. तीच.