कॅप्टनचं तोंड

माझ्या मुलीने सात वर्षांची असताना गॅसचा मास्क घालायला साफ नकार दिला होता. शेवटी तो तिला घालायला लावला एका जपानी माणसाने. तो माणूस आता त्याच्या देशातला मोठा लेखक आहे. विज्ञानकथा लिहितो, आणि त्याच्या कार्टूनच्या मालिका जगभर बघतात. मुलीच्या मैत्रिणींना तो आमचा शेजारी होता हे खरंच वाटत नाही. न वाटो. मला तो आठवतो तो नाकावरचा घाम पुसत माझ्या हातचं सुरमईचं कालवण खाणारा.

आम्ही तेव्हा सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर राहायचो. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात माझे मिस्टर फिटर होते आणि हा तिथेच पंपांचे नकाशे काढायचा. युद्ध होणार अशी भाषा सुरू झाली तशी कम्पाउंडमधली अर्धी घरं रिकामी झाली. आमचे पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या अरबी मालकाकडे, त्यात पाणी बंद पडून चालणार नव्हतं, मग आम्ही कुठे जाणार? हा एकटा जीव, त्याला जाता आलं असतं. का थांबलास म्हणून मिस्टरांनी विचारलं, तर पंपांकडे बोट दाखवून हसला.

मग विषारी गॅसचे बॉम्ब पडतील म्हणून कंपनीने मास्क वाटले. भोंगा वाजला की सगळ्यांनी खेळाच्या हॉलमध्ये जमायचं आणि मास्क चढवायचे. हॉलच्या खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावून ठेवल्या होत्या. एका दुपारी त्याची तालीम झाली. रबराचा वास नाकात गेला मात्र, माझी पोर हातपाय झाडायला लागली. आय कान्ट ब्रीद, आय कान्ट ब्रीद! एरवी पुढचे दोन दात पडलेले असूनही दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, आणि त्या दिवशी एवढंच एक वाक्य. मी चॉकलेट दाखवलं, डोळे वटारले, हातापाया पडले. मिस्टरांनी स्वतः मास्क घालून नाचून दाखवलं, तर ती आणखीच भेदरली. उद्या खरंच गॅस आला तर हिचं काय?

दुसऱ्या दिवशी मी तिला अंगणात बसवून पुन्हा खटपट करत होते. ती रडत होती आणि मीही रडायच्या बेतात होते. हा समोर पायरीवर बसून पॅडवर काहीतरी खरडत होता. माझं डोकंच फिरलं. इथे माझ्या पोरीच्या जिवाचं चाललंय आणि ह्या बाप्याला चित्रं सुचतायत! तेवढ्यात त्याने पॅडची पानं अंगठ्याने फर्रकन सोडली आणि कागदावरची इवलीशी मुलगी उडाली. चांदण्यांमधून गिरकी घेऊन परत आली. माझी रडणारी गप्प.

तरुणपणी तो एका कार्टूनच्या कंपनीत होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. मोठे चित्रकार मुख्य चित्रं काढायचे आणि हा मधली मधली भरायचा. त्याचं इंग्रजी तुटकं, माझंही तसंच, म्हणून इंग्रजी शाळेत जाणारी मुलगीच दोघांना समजावून सांगत होती. त्याचं म्हणणं असं, की ही उडणारी मुलगी म्हणजे तूच. तू यानाची कॅप्टन. पण कॅप्टन फार बोलते, आणि माणूस बोलायला लागला की ओठांची चित्रंच चित्रं काढावी लागतात, हात मोडून येतो. म्हणून कार्टूनवाले काय करतात, तर पात्राला मुखवटा चढवतात. मग नुसती मान हलवली तरी बोलतंय असं वाटतं, आणि वाचलेल्या मेहनतीत त्याला भरपूर उडवता येतं.

"आता कॅप्टननेच सांगायचं," तो म्हणाला. "बोलायचं की उडायचं?"

पोर माझीच, घासाघीस केल्याशिवाय कशी ऐकेल? उडायचं, पण माझं तोंड नंतर काढणार का, असं तिने विचारलं.

"युद्ध संपलं की," तो म्हणाला. "सगळं तोंड काढीन. शब्द दिला."

मग त्याने कपाळाला हात लावला. मुखवटा कसा बसतो ते बघितल्याशिवाय काढणार कसा? आमची कॅप्टनबाई उठली, घरात गेली आणि स्वतःच्या हाताने मास्क घेऊन आली. पहिल्यांदा जेमतेम चेहऱ्याला लावला, मग थोडा वेळ, मग आणखी थोडा. तो चित्र काढत राहिला आणि ती कॅप्टनसारखी ताठ बसून राहिली.

खरा भोंगा वाजला तेव्हा मी ईशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजाला उभी होते आणि मिस्टर ड्युटीवर. तिला उचलून हॉलकडे धावले. घाईत मला माझाच पट्टा सापडेना. वळून बघते तर हिचा मास्क चढलेला, आणि ही माझ्या डोक्यामागे चाचपून माझा पट्टा ओढतेय. या अल्लाह! मी तिला तशीच छातीशी धरून बसले. धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर तिने मास्क काढला आणि दातांच्या खिंडीतून पलीकडे बसलेल्या आमच्या जपान्याला तिथल्या अरबीत विचारलं, "खलास?" संपलं का? त्यानेही गंभीरपणे मान डोलावली. पुढे प्रत्येक भोंग्यानंतर त्यांचं हेच चालायचं.

युद्ध संपलं आणि त्याच्या कंपनीने त्याला लगेच परत बोलावलं. जाताना पॅड देऊन गेला, पण त्यातल्या कॅप्टनचं तोंड काही काढलेलं नव्हतं. पोर आठवडाभर फुरंगटून बसली. शब्द देऊन गेला मेला, असं मीही म्हणाले. नव्या वर्षाला त्याचं कार्ड यायचं. मग एक जाडजूड पुस्तक आलं. आम्हाला अक्षर कळेना, पण कव्हरवर मास्क घातलेली मुलगी होती. त्या पुस्तकावर मालिका निघाली आणि माणूस कुठच्या कुठे गेला.

गेल्या सुट्टीत मुलगी घरी आली तेव्हा आम्ही दोघींनी ती मालिका लॅपटॉपवर बघितली. कॅप्टन लढते, पडते, उडते, पण मास्क काही काढत नाही. अजून हात दुखतो वाटतं ह्याचा, मी म्हणाले. शेवटच्या भागात लढाई थांबते. कॅप्टन डोक्यामागे हात नेते, पट्टा सोडते आणि मास्क खाली ठेवते. पुढचे दोन दात नाहीत. ओठ हलतात, अगदी सावकाश, एकही चित्र न वाचवता.

"खलास?" कॅप्टन विचारते.

माझी एवढी मोठी झालेली लेक तोंडावर हात दाबून बसली होती. मी पडद्याकडे बघूनच म्हणाले, "खलास, बाबा, खलास. तुझे हात सलामत राहोत."