पाटावरची डिस्क

दसऱ्याच्या सकाळी कामाचा फोन आला की माझं डोकं फिरतं. पण फोन रक्तपेढीचा होता आणि त्यांचा डेटाबेस मीच सांभाळते, तेव्हा कुरकुरत का होईना, निघाले. दीक्षाभूमीकडे चाललेल्या गर्दीतून स्कूटर जवळजवळ ढकलतच न्यावी लागली.

सर्व्हर चालू होता, पण डेटाबेस उघडत नव्हता. पडद्यावर एकच तक्रार, फाइल सापडत नाही.

दारात कुहीकडचा एक माणूस पांढऱ्या कपड्यांत उभा होता. त्याच्या मुलीला सिकलसेल. दीक्षाभूमीला निघालेली पोर वाटेतच गळून गेली आणि आता शेजारच्या दवाखान्यात खाटेवर होती. आजवर इतक्या वेळा रक्त चढलं होतं की आता तिला तिच्या गटाचंही सगळंच रक्त चालत नसे. काय चालत नाही, ते आमच्या डेटाबेसात होतं. तपासण्या पहिल्यापासून करायच्या तर संध्याकाळ झाली असती, आणि तेवढा वेळ नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मागच्या खेपेले नाव टाकल्याबरोबर ओळखलं होतं न तिले या मशीननं," तो म्हणाला. "आज काहून ओळखून नाही राहिला?"

मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी रागावते. ऑपरेटर बाईंनी काल खंडेनवमीची साफसफाई केली होती, एवढं मला पुरलं. काय काय उडवलंत, म्हणून मी त्यांना फैलावर घेतलं. त्या रडकुंडीला आल्या.

"मी काहीच नाही उडवलं वं ताई. खरंच सांगून राहिली."

वायर सैल असेल म्हणून मी टेबलाखाली वाकले. मशीनमध्ये जागा पुरत नाही म्हणून डेटाबेस बाहेरून जोडलेल्या डिस्कवर ठेवलेला. त्या डिस्कवर हळदीकुंकवाची बोटं होती, आणि झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

मग सगळं बाहेर आलं. काल बाईंनी मशीन बंद करून डिस्क काढली, पाटावर मांडली, पूजा केली. आरती लावायला तेच मशीन पुन्हा चालू करून पेनड्राइव्ह जोडला, तो तसाच राहिला. जोडलेल्या प्रत्येक डिस्कला मशीन पत्ता म्हणून एक अक्षर देतं; आमच्या डिस्कचं 'ई' हे अक्षर पेनड्राइव्हनं घेतलं, आणि डिस्क परत आली तेव्हा तिला 'एफ' मिळालं. सर्व्हर मात्र बिचारा जुन्याच पत्त्यावर फाइल शोधत होता. तिथे नुसत्या आरत्या.

मला खरं तर अजून ओरडायचं होतं. पण ज्यावर पोट चालतं ते आपण पाटावर मांडतोच. मीही आदल्या दिवशी स्कूटरला हार घातला होता. बाईंची माफी मागितली आणि पेनड्राइव्ह काढला, डिस्कला तिचं अक्षर परत दिलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला. मग पोरीचं नाव टाकलं.

"ओळखलं का मॅडम तिले?" त्यानं दारातूनच विचारलं.

"ओळखलं," मी म्हणाले.

आल्यापासून तो उभाच होता. आता तिथेच उंबऱ्यावर बसला.