मिश्रणाचा बाष्पदाब

अठ्ठ्याहत्तर ग्रॅम बेंझिन आणि ब्याण्णव ग्रॅम टोल्युइन एकत्र केले, तर वीस अंश सेल्सिअसला मिश्रणाचा बाष्पदाब किती? परीक्षेच्या आदल्या दिवशी मी फळ्यावर उत्तर काढले, पाऱ्याचे ४६.३ मिलिमीटर, आणि मुले ते उतरवून घेऊ लागली. तेवढ्यात मागे बाटल्या पुसणारे प्रयोगशाळेतले पांडूमामा म्हणाले, "सर, वजनानं वाटे घातलेत की! दरवर्षी तुम्हीच दटावता ना, आधी मोल मोजा म्हणून?"

वर्ग खळखळून हसला. मी फळा पुसला. दोन्ही द्रव नेमके एकेक मोल होते, म्हणजे दोन्हींत रेणूंची संख्या सारखीच, वाटा निम्मानिम्मा. शुद्ध बेंझिनचा दाब ७५, टोल्युइनचा २२. दोहोंचे निम्मे मिळून ४८.५. द्रवातून रेणू निसटतात ते आपापल्या संख्येच्या प्रमाणात. तिथे ग्रॅम कोणी विचारत नाही.

मी बाकांकडे पाहून शिकवत राहिलो आणि बाकांमागे कोणी इतकी वर्षे मन लावून ऐकत होते. त्या ऐकण्याने चाळीस वह्या चुकीपासून वाचल्या. मामांचे हे ऋण मी आनंदाने मिरवतो. माझा हात चुकू शकतो, हे आता आपणही जाणता. तेव्हा वरचे गणित कृपया स्वतः करून पाहावे.