बशीतला ढग

दुपारचं जेवण अंगावर आलंय आणि लेझर अजून तापायचाय, म्हणून मी प्रयोगशाळेतल्या खुर्चीत मान टाकते. नुसतं टेकायचं म्हणून. पंपाची घरघर चालू आहे. शेजारी कपात चहा, तोंड भाजेल इतका गरम. मला मेलीला धीर कुठे असतो! गेले कित्येक महिने आमचे अणू हट्टाला पेटलेत. प्रकाशाच्या सापळ्यात त्यांना धरायचं, गार करायचं, ताऱ्यांमधल्या अंधाराहून गार; मग ते आपलं वेगळेपण विसरतात आणि सगळे मिळून एकच लाट होतात. होतात म्हणे. आमचे होत नाहीत. सोमवारी ही खोली दुसऱ्या गटाला द्यायचीय, म्हणजे आज-उद्यात दिसलं तर दिसलं.

"काय गो शर्वाणी, झोपलीस?"

प्रभुदेसाई सर. माझे गाइड. हा प्रयोग त्यांनीच मांडला, आणि ती लाट न बघताच गेल्या दिवाळीत गेले. आता समोरच्या स्टुलावर बसून माझा चहा बशीत ओततायत.

"सर, तो माझा चहा आहे."

"माहीत आहे. तोंड भाजशील."

बशी टेबलावर मावत नाही. पसरत पसरत तिचा सावंतवाडीचा मोती तलाव होतो. आम्ही काठावर पाय सोडून बसलोय आणि पंपाची घरघर पाण्याखालून येतेय. पाण्यावरून वाफ उठतेय.

"ही वर जाणारी तापट मंडळी," सर बोट दाखवतात. "सापळ्याचा काठ खाली केला की हीच आधी उडी मारतात. तू काठ कसा उतरवतेस?"

"भराभर. नाहीतर बाकीचेही निसटतात."

"अगो, तिथेच चुकतंय! तापट पाहुणे गेले म्हणून लग्नघर लगेच शांत होतं काय? जाणाऱ्यांना जाऊ दे. पण उरलेल्यांना एकमेकांना भेटायला वेळ दे. धक्के खातील, आपसात वाटून घेतील, मग निवतील."

निवतील. हा सरांचा शब्द. अणू थंड करायचे नसतात, निववायचे असतात, असं ते म्हणायचे आणि आम्ही मागे हसायचो.

"आणि तुम्ही गेलात ते?" माझ्या तोंडून निघून जातं. रडूच येतं मला. "आम्हाला कुठे वेळ मिळाला निवायला?"

सर पाण्याकडे बघ, अशी खूण करतात. वाफ थांबलीय. तरंग नाही. आणि मग सगळा तलाव, या काठापासून त्या काठापर्यंत, एकदमच श्वास घेतो. अगं आई गं! माझ्या अंगावर सर्रकन काटा येतो. आत्ता तर थेंब न् थेंब वेगळा होता.

"यातला कुठला थेंब कुठे गेला, सर?"

"तिथे 'कुठला' असं काही उरतच नाही गो," सर हळूच म्हणतात. त्यांचेही डोळे भरलेत. तेही पहिल्यांदाच बघतायत.

मी दचकून जागी होते. घरघर. दार आतून बंद. कप रिकामा आहे आणि चहा बशीत, वर सायीची पातळ सुरकुती. मी जन्मात बशीतून चहा प्यायलेली नाही. सर प्यायचे, आणि मी त्यांना त्यावरून चिडवायचे.

सापळ्याचा काठ उतरवायचा वेळ चौपट करते. बटण दाबते. बशी उचलून सरांसारखाच फुर्र आवाज करत पिते. पडद्यावर फोटो उमटतो: विरळ ढग, आणि मधोमध घट्ट काळा ठिपका. तीच ती लाट.

"सर," मी रिकाम्या स्टुलाला सांगते, "निवले हो."